क्विकनिंग म्हणजे घाई नव्हे गं, जीव पडणं

तुझा प्रश्न वाचला. म्हणजे झालं असं की जीएनएम या नर्सिंग कोर्सच्या थर्ड इयरला, मिडवायफरीच्या (बाळंतपणाच्या विषयाच्या) इंटर्नलला 'क्विकनिंग'वर ५ मार्कांची टीप आली, तू डिक्शनरीत आधीच बघून ठेवलं होतंस की 'वेग वाढणे', त्यामुळे तू बिनधास्त लिहिलंस की कळा लवकर लवकर यायला लागल्या की त्याला क्विकनिंग म्हणतात, आणि भोपळा मिळाला. आता तुझं म्हणणं की बारावीपर्यंत मराठी मिडीयम, इंग्लिश कच्चं, असे अजून किती शब्द निघतील कोण जाणे, बोर्डाला काय होणार.

पहिली गोष्ट, तू लिहिलंस तेच उत्तर मी पण दिलं होतं. लेखी नाही, व्हायव्हाला, म्हणजे समोरासमोर, पळून जायला पण जागा नाही. बाहेरून आलेल्या एक्झामिनर मॅडमनी ऐकून घेतलं आणि शांतपणे विचारलं, "बरं, मग क्विकनिंगमध्ये दोन कळांत किती मिनिटांचं अंतर असतं?" मी म्हणलं तीन मिनिटं. त्यांनी पुढचं विचारलंच नाही, 'जा' म्हणाल्या. त्या 'जा'चा आवाज मला अजून आठवतो. नंतर १४ वर्षं लेबर रूममध्ये काढली, आता ट्यूटर आहे, आणि दरवर्षी एका बॅचमध्ये चार-पाच जणी तरी हेच उत्तर लिहितात, त्यात इंग्लिश मिडीयमच्या पण असतात. म्हणून म्हणते, तुझी अडचण इंग्लिश कच्चं असण्याची नाहीये. उलट तो शब्द तुला येतोय असं वाटलं, तिथे घोळ झाला.

कसं ते बघ. 'हायपरएमेसिस' किंवा 'लोकिया' असा शब्द आला की आपल्याला लगेच कळतं की आपल्याला हे येत नाही. मग आपण मुकाट्याने पाठ करतो, दहा वेळा लिहून काढतो, आणि असे शब्द सहसा चुकत नाहीत. फसवतात ते साधे दिसणारे शब्द. शो, लाय, ॲटिट्यूड, एंगेजमेंट, लिकर, लायटनिंग, क्विकनिंग. हे रोजचे शब्द आहेत, टीव्हीवर ऐकलेले, त्यामुळे मनात कुणी प्रश्नच विचारत नाही. माझ्या एका विद्यार्थिनीने केस शीटमध्ये 'लिकर' या रकान्यापुढे लिहिलं होतं, "पेशंट घेत नाही." बिचारीने खरंच त्या बाईला विचारलं होतं, आणि ती बाई आठ महिन्यांची पोटुशी, तिला काय वाटलं असेल देव जाणे. (लिकर म्हणजे गर्भजल, आणि लेबर रूममध्ये त्याचा उच्चार बहुतेक जण लायकर करतात, 'लायकर क्लियर' असं. उच्चारामुळे तरी दारू आठवत नाही, तेवढा फायदा.)

आता क्विकनिंगकडे येते. मला त्याचा अर्थ पुस्तकात नाही सापडला, म्हणजे व्याख्या होती की पुस्तकात, पण ती डोक्यात गेली पीएचसीला, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्रात. व्हायव्हानंतर महिनाभरात आमचं कम्युनिटी पोस्टिंग लागलं, कराडच्या बाजूच्या एका गावात. एएनसीचा, म्हणजे गरोदर बायकांच्या तपासणीचा दिवस होता, बायकांची रांग, आणि मी बीपी घेऊन हिस्टरी लिहीत होते. एक पहिलटकरीण आली, फार तर एकोणीस वर्षांची, सोबत सासू. तिला शेवटची पाळी कधी आली ते सांगता येईना. तारीख सोड, महिना पण नाही, "बेंदराच्या आधी का नंतर?" विचारलं तर मान खाली. मग मी पाठ केलेला पुढचा प्रश्न विचारला, बाळाची हालचाल जाणवते का. ती लाजून गप्पच. सासूबाईच बोलल्या, "जीव पडलाय की आता. गेल्या आमुशेला पडला. भांगलायला गेली हुती, तितनं आली अन् मला म्हणली, आत्याबाई, पोटात फडफडतंय."

मला वाटलं म्हातारी काहीतरी श्रद्धेचं बोलतेय, मी लिहून पण घेतलं नाही. पण पीएचसीच्या जुन्या सिस्टर शेजारीच होत्या, त्यांनी कॅलेंडर काढलं, अमावस्या शोधली, बोटांवर आठवडे मोजले, मग त्या पोरीला टेबलवर घेऊन पोटावर हात ठेवून फंडल हाईट, म्हणजे गर्भाशय किती वर आलंय ते, बघितली आणि मला म्हणाल्या, "जुळतंय. लिही, क्विकनिंग अमुक तारखेला."

माझं पेन थांबलं. क्विकनिंग म्हणजे हे? जीव पडणं? अगं हा शब्द तर मी लहानपणापासून ऐकत होते! माझी आजी कुणी गरोदर बाई घरी आली की विचारायची, "किती झालं? जीव पडला का?" मला मराठीत माहीत होतं, इंग्लिशमध्ये पाठ होतं, आणि दोन्हीची आपसात ओळखच नव्हती.

बरं, हा नुसता योगायोगाने जुळलेला शब्द नाहीये. 'क्विक' या शब्दाचा इंग्लिशमधला जुना अर्थ 'जिवंत' असाच आहे, 'जलद' हा अर्थ नंतर चिकटला, जिवंत ते हलतं आणि हलतं ते चपळ, असा. आता तो जुना अर्थ इंग्रज लोक पण बोलताना वापरत नाहीत, पण काही शब्दांमध्ये तसाच राहून गेलाय. पाऱ्याला ते क्विकसिल्व्हर म्हणतात, जिवंत चांदी, बशीत ओतून बघ म्हणजे कळेल का ते (नको, बघू नको, पारा विषारी असतो, वॉर्डात थर्मामीटर फुटलं तर हाताने गोळा करायचा नाही हे नर्सिंग फाउंडेशनच्या विषयात शिकवलंय). कळीच्या चुन्याला क्विकलाइम म्हणतात, पाणी टाकलं की तो फसफसून उकळतो, जिवंत असल्यासारखा. आणि माझं सगळ्यात आवडतं म्हणजे नखाखालचा तो नाजूक भाग, नख जास्त खोल कापलं की जीव कळवळतो ना तिथे, त्याला इंग्लिशमध्ये 'क्विक' म्हणतात आणि मराठीत जिव्हाळी. फर्स्ट इयरला नेल केअर शिकताना तुला पण कुणीतरी सांगितलं असेल की जिव्हाळीला लागू देऊ नको. दोन्हीकडे जीवच आहे.

हा जुना अर्थ कायद्यात पण जिवंत आहे. १८६० च्या भारतीय दंड संहितेत गर्भपाताचं कलम ३१२ होतं, त्यात साधी शिक्षा ३ वर्षांपर्यंत, आणि बाई 'क्विक विथ चाइल्ड' असेल तर ७ वर्षांपर्यंत. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं 'झटपट मूल झालेली' असं काहीतरी. त्याच कलमाच्या हिंदी पाठात शब्द आहे 'स्पन्दनगर्भा', किती सुंदर शब्द आहे बघ, एका शब्दात सगळं आलं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली, त्यात हे कलम ८८ झालं, पण 'क्विक विथ चाइल्ड' तसंच ठेवलंय. जुन्या काळी सोनोग्राफी नव्हती, युरिन टेस्ट नव्हती, बाई गरोदर आहे याची त्यातल्या त्यात भरवशाची खूण एकच, ती सांगते की पोटात हललं. म्हणून कायद्याने पण तिथे रेघ मारली.

पण इथे एक पाय घसरतो, तो सांभाळ. 'जीव पडला' म्हणतात म्हणून त्या दिवसापर्यंत गर्भात जीव नव्हता असा अर्थ घेऊ नको, आणि पेशंटला तर तसं चुकूनही सांगू नको. हृदयाची धडधड सोनोग्राफीत सहाव्या-सातव्या आठवड्याच्या सुमाराला दिसायला लागते, हालचाल पण त्यानंतर थोड्याच दिवसांत दिसते. पण बाळ तेव्हा इतकं एवढंसं असतं की आईला कळत नाही. क्विकनिंग म्हणजे बाळ पहिल्यांदा हललं तो दिवस नव्हे, आईला पहिल्यांदा कळलं तो दिवस. व्याख्येतला सगळा जोर 'आईला' या शब्दावर आहे, आणि एमसीक्यूमध्ये फसवतात ते नेमकं इथेच. क्विकनिंग हे प्रेग्नन्सीचं प्रिझम्प्टिव्ह, म्हणजे अंदाज देणारं लक्षण, पॉझिटिव्ह, म्हणजे खात्रीचं नाही. का? कारण ते फक्त तिला जाणवतं, आणि पोटात गॅस फिरला तरी तसंच वाटू शकतं. मूल हवं-हवं झालेल्या एखाद्या बाईला गर्भ नसताना पण सगळी लक्षणं जाणवतात, स्यूडोसायेसिस म्हणतात त्याला, तिला पण क्विकनिंग 'होतं'. तेच तपासणाऱ्याच्या हाताला हालचाल लागली तर ते पॉझिटिव्ह साइन. हालचाल एकच, पण कुणाला कळली त्यावर उत्तर बदलतं.

आता कधी जाणवतं, तर इथे मी तुला एकच आकडा देऊ शकत नाही. पहिलटकरणीला साधारण १८ ते २० आठवडे, आधी बाळंतपण झालेलीला दोनेक आठवडे लवकर, १६ ते १८, कारण तिला ओळखता येतं की हे गॅस नव्हे. वार (प्लॅसेंटा) पोटाच्या पुढच्या बाजूला असेल तर उशिरा कळतं, मध्ये उशी ठेवल्यासारखं होतं ना. बाई अंगाने जाड असेल तर उशिरा. आणि हे पुस्तकात नाही पण मी बघितलंय, दिवसभर कामात असलेल्या बाईला उशिरा कळतं, रात्री अंथरुणाला पाठ टेकली की मगच. पुस्तकागणिक आकडे थोडे इकडेतिकडे असतात, तेव्हा तुमच्या कॉलेजला जे पुस्तक लावलंय त्यातला आकडा लिही आणि उगाच वाद घालू नको, व्हायव्हाला तर नकोच. पेशंटच्या बाबतीत मात्र २४ आठवडे झाले आणि तिला काहीच जाणवलं नाही तर 'होईल हळूहळू' म्हणून घरी पाठवायचं नाही, डॉक्टरांना दाखवायचं. तसंच आधी नीट जाणवत होतं आणि आता कमी झालं असं म्हणत आली, तर त्याच दिवशी तपासायचं.

उपयोग काय तर तो त्या पीएचसीच्या सिस्टरनी केला तोच. एलएमपी, म्हणजे शेवटच्या पाळीचा पहिला दिवस, माहीत असेल तर नेगेलेचा नियम, त्यात ९ महिने ७ दिवस मिळवायचे. माहीत नसेल तर क्विकनिंगच्या तारखेत पहिलटकरणीला २२ आठवडे आणि आधी बाळंत झालेलीला २४ आठवडे मिळवायचे, अंदाजे ईडीडी, म्हणजे बाळंतपणाची तारीख येते. समजा पहिलटकरणीला १ जूनला जाणवलं, तर २२ आठवडे म्हणजे १५४ दिवस, २ नोव्हेंबरच्या आसपास. आता पहिल्या तिमाहीतली सोनोग्राफी असली की तीच धरतात, हे मान्य. पण पाचव्या-सहाव्या महिन्यात पहिल्यांदाच येणाऱ्या बायका अजून आहेत, ऊसतोडीला गेलेल्या, वीटभट्टीवरच्या, आणि त्यांना तारीख आठवत नसली तरी जीव पडला तेव्हा आपण कुठे होतो हे पक्कं आठवतं. त्यांना 'फिटल मूव्हमेंट' विचारून उपयोग नाही. जीव पडला का, बाळ फिरतंय का, फडफडल्यासारखं वाटतं का, असं विचार. कुणी मुंग्या म्हणेल, कुणी मासोळी वळवळल्यासारखं म्हणेल. तेच क्विकनिंग.

तुझा मुख्य प्रश्न होता की असे शब्द ओळखायचे कसे. मी काय करते ते सांगते, याला काही शास्त्र नाही. साधा इंग्लिश शब्द मिडवायफरीच्या पुस्तकात दिसला की मी तो मराठीत एका बाईच्या तोंडी घालून बघते. "सिस्टर, मला काल क्विकनिंग झालं" हे वाक्य पाचव्या महिन्यातली बाई बोलेल का नवव्या? पुस्तकात तो शब्द कुठल्या चॅप्टरमध्ये आलाय ते बघ, क्विकनिंग डायग्नोसिस ऑफ प्रेग्नन्सीमध्ये आहे, लेबरच्या चॅप्टरमध्ये नाहीच, एवढं जरी माझ्या लक्षात आलं असतं तरी मी तीन मिनिटं म्हणले नसते. मग विचारायचं की हे कळतं कुणाला, आईला, आपल्या हाताला, का मशीनला. आणि डिक्शनरी बघायचीच असेल तर पहिला अर्थ वाचून बंद करू नको, खाली खाली जा, 'जुना वापर' असं लिहिलेल्या अर्थापर्यंत, बऱ्याचदा आपला अर्थ तिथे दडून बसलेला असतो.

वही पण करते मी अजून, विद्यार्थिनींना पण करायला लावते. एका बाजूला शब्द, मध्ये मला आधी जो चुकीचा अर्थ वाटला होता तो, त्याच्यावर काट, आणि शेवटी बायका मराठीत त्याला काय म्हणतात ते. चुकीचा अर्थ मुद्दाम लिहायचा. परीक्षेच्या टेन्शनमध्ये तोच आधी आठवतो, पण त्याच्यावरची काट पण आठवते. माझ्या वहीतली एंगेजमेंटची ओळ सांगते, मध्ये 'साखरपुडा' लिहून काट मारलेली, आणि शेवटी 'डोकं बसलं', म्हणजे बाळाच्या डोक्याचा सगळ्यात रुंद आडवा भाग, बायपॅरायटल डायमीटर, साधारण साडेनऊ सेंटीमीटर, पेल्व्हिसच्या (कमरेच्या हाडांच्या) कडेतून खाली उतरला. ॲटिट्यूडपुढे 'नखरे' लिहून काट, बाळ पोटात हातपाय दुमडून हनुवटी छातीला लावून बसतं ती ठेवण म्हणजे ॲटिट्यूड. शो म्हणजे दिवस भरल्यावर अंगावर जाणारा लालसर चिकट स्राव. पुस्तकात एके ठिकाणी 'रेस्पिरेटरी एम्बॅरसमेंट' असं येतं, तिथे मी 'श्वास घ्यायला लाज' लिहून काट मारलीय, हसू नको, खरंच लिहिलंय. मग लक्षात आलं की आपल्याकडे पण तेच आहे, चारचौघांत अवघडल्यासारखं होतं ते अवघडणं, आणि दिवस भरत आलेली बाई पण अवघडलेलीच. तिला धाप लागते, श्वास पुरत नाही, ते एम्बॅरसमेंट.

आणि त्याच्यावरचा उतारा म्हणजे लायटनिंग, हा तुला बोर्डाला येण्याची शक्यता खूप आहे म्हणून आत्ताच सांगून ठेवते. त्याचा विजेशी काही संबंध नाही. लाइट म्हणजे हलकं, त्यावरून हलकं होणं. पहिलटकरणीला कळा सुरू व्हायच्या दोन-तीन आठवडे आधी बाळ खाली सरकतं, छातीवरचा दाब कमी होतो, बाई म्हणते आता जरा मोकळा श्वास येतो, जेवण जातं, फक्त लघवीला सारखं जावं लागतं. आधी बाळंत झालेलीला हे बऱ्याचदा कळा सुरू झाल्यावरच होतं.

तुझ्या ५ मार्कांच्या टीपेत मी असते तर काय लिहिलं असतं, तर आधी आईला पहिल्यांदा जाणवलेली बाळाची हालचाल अशी व्याख्या, मग पहिलटकरीण आणि इतर यांचे आठवडे, मग प्रिझम्प्टिव्ह लक्षण आणि त्याचं कारण एका ओळीत, मग ईडीडी काढायला २२ आणि २४, आणि शेवटी नर्सने काय करायचं, तारीख कार्डावर नोंदवायची आणि हालचाल कमी वाटली तर लगेच यायला सांगायचं. एवढं लिहिलंस तर तुझं इंग्लिश ग्रामर कुणी बघत नाही, मी तरी बघत नाही.

स्पेलिंग मात्र बघते. लायटनिंग लिहिताना टीच्या पुढे ई आहे, ती राहिली की आकाशातली वीज होते, आणि दर परीक्षेला दहा-बारा पेपरांत तरी बाळंतपणाच्या दोन आठवडे आधी वीज पडते.